रिकाम्या जागेचा हिशेब

आमच्या कारखान्याचा सगळा कारभार ३,११,२०० ब्लॉकांत मावत असे. एक ब्लॉक ५१२ बाइटांचा, म्हणजे टाइप केलेल्या पानाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा. सगळे ब्लॉक मिळून १५९ मेगाबाइट होत. आज फोनमधले तीस-चाळीस फोटो तेवढी जागा सहज खातात. तेव्हा तेवढ्यात स्टोअर्समधला प्रत्येक नट-बोल्ट, खरेदीच्या ऑर्डरी, तिन्ही पाळ्यांची हजेरी, पगार आणि मागच्या काही वर्षांचा हिशेब नांदत होता. डिस्कचं नाव आरडी-५४, यंत्र मायक्रोव्हॅक्स-२, ठिकाण भोसरी आणि काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. मी त्या यंत्राची सिस्टिम मॅनेजर होते. माझ्या कामाचा मोठा भाग जागेचा होता. कुणाला किती जागा द्यायची, कुणाकडून कधी परत घ्यायची आणि दिलेली जागा सलग कशी राहील, हे रोज पाहावं लागे. हे काम आजही होतं, पण यंत्र ते आतल्या आत उरकतं आणि ते झालेलं कुणाला कळतही नाही. म्हणून ते नोंदवून ठेवावंसं वाटतं.

यंत्रावर व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ च्या ऑक्टोबरात व्हॅक्स-११/७८० हे यंत्र जाहीर केलं, त्याच्याबरोबरच ती आली. डेव्ह कटलर, डिक हस्टवेट आणि पीटर लिपमन हे तिचे मुख्य रचनाकार. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसलं, तरी तिच्याशी गाठ पुष्कळांची पडली आहे. रेल्वेचं संगणकीय आरक्षण ऐंशीच्या दशकात व्हॅक्स यंत्रांवर उभं राहिलं, आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रं एकमेकांना जोडली गेली, तेव्हाही खाली व्हीएमएसच होती. पुणे स्टेशनवर सकाळी आठच्या आधीपासून फॉर्म हातात धरून रांगेत उभं राहताना मला त्या गोष्टीचा फार आधार वाटे. खिडकीमागचं यंत्र माझ्या ओळखीचं होतं.

व्हीएमएसमध्ये डिस्कची स्वतःची अशी काही दप्तरं असतात, आणि ती दप्तरंही फाइलींच्याच रूपात असतात. त्यातली दोन महत्त्वाची. पहिली इंडेक्सएफ.सिस. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचं हेडर हिच्यात राहतं. एक हेडर म्हणजे एक ब्लॉक, आणि त्यात फाइलीचं नाव, मालक, तारखा आणि फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे त्याचे पॉइंटर लिहिलेले असतात. ‘अमुक ब्लॉकापासून पुढे इतके ब्लॉक’ एवढंच एक पॉइंटर सांगतो. फाइल सलग असेल तर एकाच पॉइंटरवर भागतं. दुसरं दप्तर बिटमॅप.सिस. त्यात रिकामी जागा कुठली आणि भरलेली कुठली याची नोंद. जागा सुट्या ब्लॉकांत दिली जात नाही, क्लस्टरमध्ये दिली जाते. आमच्या डिस्कवर क्लस्टर तीन ब्लॉकांचा होता, त्यामुळे दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवली तरी तीन ब्लॉक अडकत. पण त्यामुळेच लाखभर क्लस्टरांची पूर्ण नोंद जेमतेम तेरा किलोबाइटांत बसे. प्रत्येक क्लस्टरला एक बिट. संपूर्ण कारखान्याची मोकळी जागा तेरा किलोबाइटांत लिहिलेली आहे, ही गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा जो आनंद झाला होता तो अजून ओसरलेला नाही.

रचनाकारांनी आणखी एक गोष्ट केली होती. डिस्क नव्याने मांडताना इंडेक्सएफ.सिस आपोआप डिस्कच्या मध्यावर ठेवली जाई. कारण कुठल्याही फाइलीकडे जाताना आधी हेडर वाचावं लागतं, आणि वाचणारं डोकं मध्याकडून कुठेही निघालं तरी त्याला कमी अंतर कापावं लागतं. आरडी-५४ मध्ये डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला सरासरी तीस मिलिसेकंदांच्या आसपास लागत. तेवढ्या वेळात आजचा प्रोसेसर कोट्यवधी कामं उरकतो. त्या काळी प्रोसेसर आणि डिस्क यांच्यातली दरी इतकी रुंद नव्हती, पण दरी होतीच, आणि आमची सगळी कसरत त्या तीस मिलिसेकंदांच्या खेपा वाचवण्यासाठी चाले.

फाइलीचे तुकडे कसे पडतात? फाइल तयार होते तेव्हा ती पुढे केवढी होईल हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. कोबोलचा प्रोग्राम फाइल उघडतो आणि एकेक नोंद लिहू लागतो. दिलेली जागा भरली की सिस्टिम आणखी थोडी देते. तेवढ्यात शेजारची जागा दुसऱ्या कुणी घेतलेली असते, म्हणून नवी जागा दूर कुठेतरी मिळते. हेडरमध्ये दुसरा पॉइंटर पडतो. मग तिसरा. रात्रीच्या प्रत्येक बॅच कामाची लॉग फाइल अशी कणाकणाने वाढे, आणि एका वेळी पाच कामं चालू असली तर पाचही जणी एकमेकींच्या मधल्या जागा घेत पुढे सरकत. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. वाढणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की असंच होतं.

व्हीएमएसची आणखी एक खासियत यात भर घाली. फाइल दुरुस्त केली की जुनी पुसली जात नसे. तिची नवी आवृत्ती तयार होई, नावापुढे अर्धविराम आणि आकडा. पहिली, दुसरी, तिसरी, अशा ३२,७६७ पर्यंत. ही सोय इतकी मोलाची होती की नंतर ज्या ज्या यंत्रांवर काम केलं, तिथे मला तिची उणीव भासली. कुणी घाबऱ्याघुबऱ्या येऊन म्हणे, “मॅडम, काल रात्रीचा प्रोग्राम माझ्याकडून बिघडला,” आणि मी मागची आवृत्ती उघडून दाखवी. पण आवृत्त्या साचत, जागा संपत येई, आणि मग ‘पर्ज’ ही आज्ञा द्यावी लागे. शेवटच्या दोन आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढून टाकल्या की डिस्कवर ठिकठिकाणी लहान लहान भोकं उरत. कुठे तीन ब्लॉकांचं, कुठे नऊचं, कुठे एकवीसचं. बेरीज केली तर जागा भरपूर, पण एखादी मोठी फाइल अखंड बसेल असा पट्टा कुठेच नाही.

इथे मला जे उमजलं ते पुस्तकात या शब्दांत कुठे वाचल्याचं आठवत नाही. आपण फाइलीचे तुकडे झाले असं म्हणतो, पण आधी तुकडे होतात ते रिकाम्या जागेचे. फाइलीचे तुकडे त्यातून पुढे होतात. एखादी फाइल सगळे तुकडे गोळा करून सलग केली तरी डिस्कवरचा मोकळा भाग विखुरलेलाच राहिला, तर उद्या येणारी फाइल जन्मतःच तुटलेली असणार. म्हणून मी सकाळी आल्यावर फाइली कमी आणि मोकळी जागा जास्त पाहू लागले. किती ब्लॉक रिकामे आहेत हा आकडा सिस्टिम एका ओळीत देते. त्यातला सर्वांत मोठा सलग पट्टा केवढा आहे, हे मात्र खोदून काढावं लागे. पहिल्या आकड्यावर वरिष्ठ समाधानी असत. माझं लक्ष दुसऱ्यावर असे.

तुटलेल्या फाइलीचा त्रास नेमका कुठे होतो हेही सांगायला हवं, कारण तो सगळीकडे सारखा होत नाही. फाइल उघडली की तिचे काही पॉइंटर सिस्टिम मेमरीत आणून ठेवते. या छोट्या यादीला ‘विंडो’ म्हणतात, आणि नेहमीच्या मांडणीत तिच्यात सात पॉइंटर बसत. सात तुकड्यांपर्यंतची फाइल विंडोतून पूर्ण दिसते. आठव्या तुकड्यातलं काही हवं झालं की सिस्टिमला पुन्हा हेडरकडे जाऊन विंडो पुढे सरकवावी लागते. याला ‘विंडो टर्न’ म्हणत. मॉनिटर या आज्ञेने ते दर सेकंदाला किती होताहेत हे पडद्यावर दिसे. महिनाअखेरीच्या रात्री तो आकडा चढू लागला की मला पुढचा सगळा प्रकार आधीच कळे. स्टोअर्सचं मूल्यांकन रात्री दहाला सुरू होऊन पहाटेआधी संपायचं. तेच काम सकाळच्या पाळीचा भोंगा झाला तरी अर्ध्यावर असे. प्रोग्राम तोच, माल जवळपास तेवढाच. ‘डंप’ आज्ञेने साठ्याच्या फाइलीचं हेडर छापून काढलं की त्यात पॉइंटरांची रांगच्या रांग दिसे. तीन ब्लॉक इथे, सहा तिथे, तीन आणखी कुठे. हेडरमध्ये काही डझन पॉइंटरांपुरतीच जागा असते. ती संपली की त्याच फाइलीसाठी दुसरं हेडर जोडावं लागतं, आणि तेही डोक्याच्या खेपा वाढवतं.

यावरचा त्या काळातला पक्का उपाय म्हणजे सगळी डिस्क टेपवर उतरवणं, डिस्क कोरी करणं आणि टेपवरून सगळं परत आणणं. परत आणताना ‘बॅकअप’ एकेक फाइल सलग मांडत जाई आणि उरलेली जागा एकत्र मोकळी राही. हे वाचायला सोपं आहे. आमच्याकडे टीके-५० टेप होती. एका कार्ट्रिजमध्ये ९५ मेगाबाइट मावत, म्हणजे डिस्क भरलेली असली की दोन कार्ट्रिज, आणि टेपचा वेग बैलगाडीला लाजवणारा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं-तिघं यायचो. आधी एक प्रत, पडताळणीसह. मग दुसऱ्या कार्ट्रिजांवर आणखी एक प्रत, तीही पडताळणीसह. तोवर दुपार सरलेली असे. त्यानंतर डिस्क नव्याने मांडायची आज्ञा.

ती आज्ञा टाइप केल्यापासून शेवटची फाइल परत येईपर्यंतचा काळ मला कधी हलका गेला नाही. तेवढ्या वेळात कारखान्याचा सगळा साठा, सगळ्यांचे पगार, वर्षानुवर्षांचे व्यवहार अर्ध्या इंची चुंबकीय फितीवर असत आणि दुसरीकडे कुठेही नसत. त्यात वीज कधीही जाई. हजेरीच्या फाइलीत ज्यांची नावं होती ती माणसं मला कॅन्टीनमध्ये रोज दिसत. त्यांच्या ओव्हरटाइमचे तास माझ्या हातातल्या कार्ट्रिजमध्ये आहेत, ही जाणीव त्या दिवशी फार स्पष्ट असे. सोबतचा ऑपरेटर डबा उघडून म्हणे, “मॅडम, खाऊन घ्या, टेप आपली आपण फिरतेय.” मी खायची, पण लक्ष दिव्यांकडे.

सोमवारी सकाळी यंत्राला नवा जीव आल्यासारखं वाटे. आणि त्याच सकाळी पुन्हा तुकडे पडायला सुरुवात होई.

म्हणून खरं काम टेपच्या आधीचं आहे, असं माझं मत होत गेलं. फाइल किती वाढेल याचा अंदाज आधी बांधायचा आणि तेवढी जागा तिला जन्मतःच द्यायची. व्हीएमएसमध्ये त्यासाठी सगळी साधनं होती. फाइलीचं वर्णन एफडीएल नावाच्या छोट्या भाषेत लिहिता येई. सुरुवातीला किती ब्लॉक, नंतर वाढायची वेळ आली तर एका वेळी किती, आणि शक्य तितकी सलग जागा शोधावी की नाही, हे सगळं त्यात सांगता येई. वाढीचा आकडा मोठा दिला तर थोडी जागा पडून राहते, पण तुकडे कमी होतात. लहान दिला तर एकही ब्लॉक वाया जात नाही आणि फाइल चिंध्या होऊन पसरते. पैशाने जागा विकत घ्यावी लागत असे त्या काळातही मी पहिल्या बाजूची होते, आणि यावरून माझे वरिष्ठांशी बरेच वाद झाले. ‘डिरेक्टरी’ची यादी काढली की प्रत्येक फाइलीपुढे दोन आकडे येतात, वापरलेले ब्लॉक आणि राखून ठेवलेले. दोहोंतला फरक बोट ठेवून दाखवला जाई आणि विचारलं जाई, ही जागा रिकामी का ठेवली आहे? पुढच्या मार्चसाठी, असं उत्तर मी देई.

पण अंदाज यंत्राकडे बघून बांधता येत नाही. त्यासाठी स्टोअर्समध्ये जाऊन बसावं लागे. तिथले काका चाळीस वर्षं मालाच्या रॅकमध्ये वावरलेले. संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता, पण माझ्यावर होता. मी विचारी, “काका, पुढच्या वर्षी पार्ट नंबर किती वाढतील?” ते तंबाखू मळत विचार करत आणि सांगत, “नवं मॉडेल आलं तर बाराशे. नाही आलं तर शंभरसुद्धा नाहीत. पण पुरवठादार बदलणार हे नक्की, त्यामुळे जुने नंबरही राहणार आणि नवेही येणार.” हे शेवटचं वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नसतं, आणि साठ्याच्या फाइलीला किती जागा द्यायची हे त्याच वाक्याने ठरे.

साठ्याची फाइल इंडेक्स्ड होती, पार्ट नंबराच्या क्रमाने लावलेली. तिच्यात नोंदी ‘बकेट’मध्ये असतात. एक बकेट गच्च भरली आणि मधला एखादा नवा पार्ट नंबर आला, की बकेट दुभंगते आणि अर्ध्या नोंदी फाइलीच्या शेवटाकडच्या नव्या बकेटमध्ये जातात. म्हणजे फाइल डिस्कवर सलग असली तरी तिच्या आत क्रमाने वाचणाऱ्याला उड्या माराव्या लागतात. तुकडे दोन पातळ्यांवर पडत होते, आणि डिस्क कोरी करून परत मांडल्याने फक्त वरची पातळी दुरुस्त होई. आतल्यासाठी ‘कन्व्हर्ट’ चालवावं लागे. ते नोंदी क्रमाने काढून नव्या फाइलीत भरतं, आणि भरताना प्रत्येक बकेट किती टक्के भरायची हे विचारतं. मी सत्तर सांगे. प्रत्येक बकेटमध्ये तीस टक्के जागा मुद्दाम मोकळी, काकांच्या येणाऱ्या नंबरांसाठी. ती मोकळी जागा दुरून नुसती उधळपट्टी दिसते. तिच्यामुळे पुढचे कित्येक महिने एकही बकेट दुभंगत नसे.

व्हीएमएसच्या आधी प्रशिक्षणात मी पीडीपी-११ या यंत्रावरची आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टिम पाहिली होती. तिच्यात फाइल सलगच असायची, तुकड्यांना परवानगीच नव्हती. मग आकार न सांगता फाइल उघडली तर जागा किती द्यायची? तिच्या रचनाकारांनी ठरवलं होतं की सर्वांत मोठ्या मोकळ्या पट्ट्याचा अर्धा भाग किंवा दुसऱ्या क्रमांकाचा पूर्ण पट्टा, यांतला जो मोठा असेल तो द्यायचा. फाइल बंद झाली की उरलेलं परत. या नियमाचं मला आजही कौतुक वाटतं. जे माहीत नाही त्याचा त्यात प्रामाणिक अंदाज आहे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला फाइल उघडायची झाली तर तिच्यासाठीही काही राखलं आहे. तुकडे जोडायला तिथे ‘स्क्वीझ’ ही आज्ञा होती. सगळ्या फाइली पुढे सरकत आणि मोकळी जागा शेवटी गोळा होई.

तुकड्यांविषयीची माझी समज मात्र यंत्राच्या खोलीत पुरी झाली नाही. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आजोबांची जमीन चार ठिकाणी विभागलेली होती. एक तुकडा नदीकाठी काळ्या मातीचा, एक विहिरीजवळ, एक माळावर मुरमाड आणि एक शिवेला लागून. मुंबई प्रांताने १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडायला प्रतिबंध करणारा आणि त्यांचं एकत्रीकरण करणारा कायदा केला. आपण त्याला तुकडेबंदीचा कायदा म्हणतो. ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा लगतच्या खातेदाराशिवाय कुणाला विकता येईना, आणि गावोगाव एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. कायद्यामागचं गणित खरं होतं. औत घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात माणसाचा आणि बैलाचा दिवस जातो, बांधाखाली जमीन अडकते, तुकडा लहान झाला की विहीर परवडत नाही. डिस्कच्या डोक्याच्या खेपा मोजताना मला तोच हिशेब दिसे. तरीही आजोबांचा एकत्रीकरणाला विरोध होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. ते म्हणत, नदीला पूर आला तर माळ वाचतो, पाऊस नाही आला तर काळी तग धरते. भाजी विहिरीपाशी, ज्वारी वर. सगळी जमीन एका जागी दिलीत तर ती कुठल्या मातीची देणार?

त्यांचं म्हणणं मला पुष्कळ वर्षांनी कामाला आलं. मी फाइलींकडे पाहताना विचारू लागले की ही फाइल वाचली कशी जाते. दिवसभर काउंटरवर कुणी एखादा पार्ट नंबर विचारतो, तेव्हा यंत्राला फाइलीतली एकच नोंद हवी असते. ती सलग फाइलीत असो की विखुरलेल्या, डोक्याला एक खेप करावीच लागते. तुकड्यांनी तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते महिनाअखेरीला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचताना. म्हणून सगळ्याच फाइली सलग करण्याचा हट्ट मी सोडला. क्रमाने वाचायच्या मोजक्या फाइलींची यादी भिंतीवर लावली आणि मेहनत तिथे ओतली. नंतर दुसरी डिस्क आली तेव्हा साठा एका डिस्कवर आणि त्याच्याबरोबर वाचली जाणारी व्यवहारांची फाइल दुसरीवर ठेवली. दोन डोकी आपापल्या जागी राहिली आणि महिनाअखेर परत पहाटेआधी संपू लागली. ती विभागणी मी जाणूनबुजून केली होती.

तुकडे जोडणारी तयार साधनंही त्याच सुमारास आली. एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचं डिस्ककीपर व्हीएमएससाठीच आधी निघालं, आणि पुढे यंत्र चालू असतानाच फाइली हलवता येतील अशी सोय व्हीएमएसच्या गाभ्यातच झाली. फाइलीची प्रत नव्या सलग जागी करायची, मग हेडरमधले पॉइंटर एका फटक्यात बदलायचे आणि जुनी जागा सोडायची. मधेच वीज गेली तर फाइल जुन्या जागी शाबूत असते. ही रचना निर्दोष आहे, आणि सुट्टीच्या दिवशीची ती भीती तिने संपवली. पण एक गोष्ट मला खटके. साधन आलं की अंदाज बांधणं थांबतं. तुकडे रोज रात्री जोडले जाणारच आहेत, मग स्टोअर्समध्ये जाऊन कोण बसणार?

कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि १९९३ साली विंडोज एनटी आली. तिच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत बिटमॅपची फाइल आहे, खराब क्लस्टरांची फाइल आहे, सगळ्या फाइलींची एक मुख्य फाइल आहे. नावं थोडी बदलली, वंश ओळखू येतो. आपण आज विंडोजचा जो लॅपटॉप उघडतो, त्यात हे सगळं आहे. १९९३ सालीच डॉस ६ मध्ये तुकडे जोडणारं डीफ्रॅग आलं, मग विंडोज ९५ मध्ये. रंगीत चौकोन एका जागेवरून दुसरीकडे जाताना कितीतरी घरांत मुलं तासन्‌तास पाहत बसली. त्या चौकोनांमागे काय चाललं आहे हे त्यांना तेव्हा कुणी समजावून सांगायला हवं होतं. शाळेत संगणक आला होता, शिकवायला इतकी सुंदर गोष्ट पडद्यावर आपोआप चालली होती.

एसएसडी आल्या आणि डोक्याच्या खेपांचा प्रश्न मिटला. आत फिरणारं काही नाहीच. उलट एकाच जागी सारखं लिहून ती झिजू नये म्हणून एसएसडी स्वतःहून लिखाण सगळीकडे पसरते. त्यामुळे तुकड्यांचा विषय संपला असं मानलं जातं. तो संपलेला नाही, हे मला मागच्या वर्षी चाकणहून आलेल्या फोनमुळे पुन्हा पाहायला मिळालं. तिथल्या एका कारखान्यात जुनं व्हॅक्स केव्हाच भंगारात गेलं, पण व्हीएमएस अजून चालू आहे. साध्या सर्व्हरवर व्हॅक्सचं सोंग घेणारा एक प्रोग्राम चालतो आणि त्याच्या आत तीच जुनी डिस्क, आता एसएसडीवरची एक मोठी फाइल बनून. तिथला तरुण इंजिनीअर म्हणाला, “मॅडम, डिस्क निम्मी रिकामी आहे, तरी नवी फाइल बनत नाही. हेडर फुल म्हणतंय.”

मी त्याला इंडेक्सएफ.सिसचं हेडर छापून पाठवायला सांगितलं. आलं ते पाहिल्यावर शंका उरली नाही. नवीन फाइलींसाठी हेडरं लागतात, म्हणून इंडेक्सएफ.सिसला वाढावं लागतं. मोकळी जागा बारीक भोकांत विखुरलेली असल्याने ती दर वेळी चिमूटभर वाढत गेली होती. बाकी कुठल्याही फाइलीला पॉइंटर कमी पडले तर दुसरं हेडर जोडता येतं. या एका फाइलीला त्या व्यवस्थेत ती मुभा नाही. तिच्या हेडरमधली पॉइंटरांची जागा संपली की डिस्कवर लाखो ब्लॉक रिकामे असूनही नवी फाइल जन्माला येऊ शकत नाही. वेगवान एसएसडीचा तिथे काहीच उपयोग नव्हता, कारण अडचण अंतराची नव्हती, नोंदीची होती.

“मग आता काय करू?” त्याने विचारलं.

मी त्याला सावकाश सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. आधी संपूर्ण बॅकअप, पडताळणीसह, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या सर्व्हरवर. ती प्रत दुसऱ्या एका कोऱ्या डिस्कवर उतरवून पाहायची, फाइली उघडतात का ते बघायचं. मग येत्या पाच वर्षांत तिथे किती फाइली होतील हे उत्पादन आणि स्टोअर्सच्या लोकांना विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. त्या आकड्याच्या दीडपट हेडरं देऊन डिस्क नव्याने मांडायची, म्हणजे इंडेक्सएफ.सिसला पहिल्याच दिवशी एकसंध जागा मिळेल. आणि बॅकअप परत आणताना ‘नोइनिशियलाइझ’ लिहायला विसरायचं नाही. ते राहिलं तर बॅकअप जुनीच मापं काढेल आणि डिस्क पुन्हा होती तशी मांडून देईल.